‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन नाटककार एडवर्ड ऑल्बीच्या या नाटकाबद्दल नाटकवाल्यांच्या गप्पांत आणि सिनेमा पाहून आलेल्यांकडून जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत शेवटासकट सगळं उघड केलं आहे. नाटक अजून वाचलं-पाहिलं नसेल आणि शेवट स्वतःच गाठायचा असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांनंतर थांबा.

नाटक आहे तरी कशाबद्दल?

न्यू इंग्लंडमधल्या न्यू कार्थेज नावाच्या काल्पनिक गावातलं एक छोटं कॉलेज. जॉर्ज तिथे इतिहास शिकवतो, वय ४६. त्याची बायको मार्था ५२ वर्षांची, कॉलेजच्या अध्यक्षांची मुलगी. शनिवारची रात्र उलटून दोन वाजले आहेत. अध्यक्षांकडची पार्टी आटोपून दोघं घरी येतात, दोघंही भरपूर प्यायलेले. जॉर्जला झोपायचं आहे. मार्था सांगते, मी पाहुणे बोलावलेत. कॉलेजात नव्याने आलेला जीवशास्त्राचा तरुण प्राध्यापक निक आणि त्याची बायको हनी. पप्पांनीच सांगितलंय त्यांच्याशी नीट वागायला.

मग पहाटेपर्यंत चौघं त्याच दिवाणखान्यात पीत बसतात. घटना म्हणाल तर एवढीच. तीन अंक, चार पात्रं, एक सेट. मूळ संहिता पूर्ण केली तर तीन तासांहून जास्त वेळ लागतो. पहिल्या निर्मितीत दुपारच्या खेळांसाठी नटांचा वेगळा संच ठेवावा लागला होता. एकाच दिवशी दोनदा ही कामं करणं कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं.

नावात व्हर्जिनिया वुल्फ कशाला? ती नाटकात येते का?

येत नाही. डिस्नेच्या जुन्या कार्टूनमधल्या ‘लांडग्याला कोण घाबरतं’ या गाण्यात लांडग्याच्या, म्हणजे इंग्रजी ‘वुल्फ’च्या, जागी तसाच उच्चार असलेलं इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फचं नाव घालून कुणीतरी केलेला हा विद्यापीठी विनोद. ऑल्बीने तो न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागातल्या एका बारच्या आरशावर साबणाने लिहिलेला वाचला होता. नाटकात अध्यक्षांच्या पार्टीत तो गायला गेला आहे, मार्थाला तो भयंकर आवडला आहे, जॉर्जला विशेष नाही. भ्रमाचा आधार न घेता जगायला कोण घाबरतं, असा त्याचा अर्थ ऑल्बीने मुलाखतीत सांगितला होता.

यातली रंजक गोष्ट पुढची आहे. नाव वापरायला ऑल्बीने व्हर्जिनियाचे पती लेनर्ड वुल्फ यांची परवानगी घेतली होती. पुढे लेनर्डनी लंडनला नाटक पाहिलं, त्यांना ते आवडलं. त्यांनी ऑल्बीला पत्र लिहून विचारलं, माझ्या बायकोची ‘लॅपिन अँड लॅपिनोव्हा’ ही कथा तुम्ही वाचली आहे का? त्या कथेतलं नवविवाहित जोडपं स्वतःपुरतं सशांचं एक काल्पनिक राज्य रचतं. नवरा राजा ससा, बायको राणी. संसार त्या खेळावर तगून असतो. एक दिवस नवरा सांगून टाकतो की ती सशीण सापळ्यात सापडून मेली. आणि लग्न तिथेच संपतं. नाटकाचा शेवट माहीत असलेल्याला ही कथा वाचताना चमकायला होतं.

इतकं एकमेकांना टोचतात, तर सोडून का देत नाहीत?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्याचा सूर बहुधा वैतागाचा असतो.

माझं मत असं की हे दोघं एकमेकांना विटलेले आहेत असं समजून नाटक पाहिलं तर पहिल्या अर्ध्या तासात कंटाळा येईल. नीट ऐका, दोघं एकमेकांच्या शब्दांना दाद देत असतात. जॉर्जने एखादा खास वाक्प्रयोग केला की मार्था हसते, मनापासून. मार्थाने एखादी शिवी नेमकी बसवली की जॉर्जच्या चेहऱ्यावर क्षणभर कौतुक येतं. पडदा उघडतो तो मार्था सिनेनटी बेटी डेव्हिसची नक्कल करते तिथे. एका सिनेमातलं वाक्य फेकते आणि सिनेमा कुठला ते सांग म्हणून जॉर्जच्या मागे लागते. जॉर्जला आठवत नाही, की तो मुद्दाम आठवत नाही, हे कळत नाही. वीस-बावीस वर्षं एकत्र काढलेल्या माणसांचा हा रियाज आहे. तिसऱ्या माणसाला तो नुसता कलकलाट वाटतो.

तिसऱ्या अंकात मार्था निकला सांगते की आयुष्यात तिला सुखी करू शकलेला पुरुष एकच, जॉर्ज. आणि तिच्यावर प्रेम करण्याचा अक्षम्य गुन्हा त्याने केला आहे, म्हणून त्याला शिक्षा मिळायलाच हवी. निकला हे समजत नाही. तो तिशीचा, बॉक्सिंग चॅम्पियन, देखणा, सगळीकडे यशस्वी. लग्न म्हणजे सोय, हे त्याचं गणित. मार्थाच्या बोलण्यातलं दुःख त्याच्या डोक्यावरून जातं, आणि तो प्रेक्षकांतल्या अनेकांचा प्रतिनिधी असतो.

हे भांडण नियमांनी चालतं. काय बोलायचं, कुठे थांबायचं, कुठला विषय तिसऱ्या माणसापुढे काढायचा नाही, हे ठरलेलं आहे. नाटकात संकट येतं ते क्रूरपणामुळे येत नाही, क्रूरपणा रोजचाच आहे. त्या रात्री एक नियम मोडला जातो.

कुठला नियम?

मुलाबद्दल बाहेर बोलायचं नाही.

दार उघडण्याआधीच जॉर्ज मार्थाला बजावतो, त्या विषयाला हात लावू नकोस. मार्था हनीला वरच्या मजल्यावर बाथरूम दाखवायला नेते. थोड्या वेळाने हनी एकटीच खाली येते आणि निरागसपणे म्हणते, तुम्हाला मुलगा आहे हे मला माहीत नव्हतं, उद्या एकवीस वर्षांचा होतोय ना? जॉर्ज करणारा नट चांगला असेल तर इथे नाट्यगृहातली हवा बदलते. पुढचं सगळं नाटक या एका वाक्याचं देणं फेडतं.

मग तो मुलगा खरा आहे की नाही?

नाही. त्यांना मूल झालंच नाही. दोघांनी मिळून एक मुलगा कल्पनेत जन्माला घातला, वाढवला, त्याला आजारपणं दिली, शाळेत घातलं, त्याच्यावरून भांडले. एकवीस वर्षं.

तिसऱ्या अंकात जॉर्ज मार्थाला त्या मुलाचं बालपण सांगायला लावतो. ती सांगते, अंगाईसारख्या लयीत, आणि नाटकातली सर्वांत कोवळी भाषा इथे आहे. त्याच वेळी जॉर्ज शेजारी बसून मृतांसाठीच्या कॅथलिक प्रार्थनेतल्या लॅटिन ओळी म्हणू लागतो. दोन आवाज एकमेकांवर चढतात. मग तो जाहीर करतो : तार आली, आपला मुलगा गेला. गाडी चालवत होता, साळिंदर चुकवायला गेला आणि झाडावर आदळला.

मार्था किंचाळते ती नुसत्या दुःखाने नाही. तिचं म्हणणं असतं, हे तू एकट्याने ठरवू शकत नाहीस. तार कुठाय, दाखव. जॉर्ज म्हणतो, खाल्ली मी. आणि हनी साक्ष देते : हो, खाल्ली त्यांनी. प्रेक्षक इथे हसतात. त्या हसण्याची लाज वाटेपर्यंत ते थांबत नाही.

थोड्या वेळाने निक विचारतो, तुम्हाला मूल होऊ शकलं नाही? जॉर्ज म्हणतो, आम्हाला नाही होऊ शकलं. मार्थाही तेच म्हणते, ‘आम्हाला’. अख्ख्या रात्रीत दोघं एका बाजूला उभे राहतात ते या एका शब्दावर.

मुलाला मारणं ही दया की सूड?

दिग्दर्शकागणिक उत्तर बदलतं, आणि बदलायलाच हवं. मार्थाने नियम मोडला, निकला घेऊन वर गेली, तेव्हा जॉर्जने हिशेब चुकता केला, हे एक. एकवीस वर्षांचा झालेला मुलगा तसाही आता घर सोडणार, कल्पनेतला मुलगा त्या वयाच्या पुढे कसा वाढवायचा, म्हणून हा शेवट कधीतरी करणं भागच होतं, हे दुसरं. मला दुसरं पटतं, पण पहिलं काढून टाकलं तर जॉर्ज फारच संत होतो. त्याने दया केली असेल, पण तिची परवानगी न घेता केली.

शेवटी पाहुणे निघून जातात, उजाडायला आलेलं असतं. दोघं अगदी तुटक, एकेका शब्दात बोलतात. वुल्फच्या कथेत खेळ संपला की लग्न संपतं. इथे खेळ संपल्यावर दोघं तिथेच आहेत, आणि पुढे काय याचं उत्तर ऑल्बीने दिलेलं नाही. मार्था फक्त एवढं सांगते की तिला भीती वाटते.

बंदुकीचा प्रसंग काय आहे? सगळे त्याचाच उल्लेख करतात.

पहिल्या अंकात मार्था पाहुण्यांना एक जुना किस्सा सांगते. तिच्या वडिलांना तब्येतीची हौस, त्यांनी जॉर्जला बॉक्सिंगला बोलावलं, जॉर्ज नको म्हणाला. मार्थाने गंमत म्हणून ग्लोव्हज चढवले आणि मागून हाक मारून एक ठोसा दिला. जॉर्ज झुडपात जाऊन पडला. किस्सा रंगात येतो तसा जॉर्ज उठून आत जातो, परत येतो तो दोन्ही हातांत बंदूक धरून, आणि शांतपणे मार्थाच्या डोक्यामागे नेम धरतो. हनीला दिसतं, ती किंचाळते. मार्था वळते. तो चाप ओढतो.

नळीतून एक रंगीत चिनी छत्री फट्कन उघडते.

मार्था खूश होते, अगदी मनापासून. असला चावटपणा तिला आवडतो. पण नेम धरण्यापासून छत्री उघडेपर्यंतचे ते दोन-तीन सेकंद खरे होते, आणि प्रेक्षक ते विसरत नाही.

निक आणि हनीचं काम काय? नुसते बघे?

बघे म्हणून आत येतात आणि शिकार होऊन बाहेर पडतात. जॉर्ज या खेळांना नावंच देतो. यजमानाची फजिती हा एक, पाहुण्यांना धरा हा दुसरा. दुसऱ्या अंकात निक त्याला विश्वासाने सांगून बसतो की हनी गरोदर आहे असं वाटलं म्हणून लग्न केलं, पोट फुगलं होतं, मग ते उतरलं. शिवाय तिच्या धर्मप्रचारक वडिलांकडे पैसा होता. तासाभरात जॉर्ज हीच हकिकत गोष्टीच्या रूपात, चौघांपुढे, हनीच्या तोंडावर सांगतो. हनीला कळायला वेळ लागतो. कळतं तेव्हा ती बाथरूमकडे धावते.

हनीची भूमिका अनेक ठिकाणी विनोदी म्हणून वाया घालवतात. ब्रँडी, खिदळणं, उलट्या, एवढंच. खरं तर ती बाथरूमच्या गार फरशीवर पडून बाटलीवरचं लेबल सोलत बसलेली असते आणि तिच्या आत काहीतरी सोलून निघत असतं. तिला मूल होण्याची धास्ती आहे आणि निकला ते माहीत नाही, हे जॉर्जच्या लक्षात येतं. मार्थाची अंगाई ऐकताना हनी एकदम ओरडते की मला मूल हवंय. दुसऱ्याच्या खोट्या मुलामुळे तिच्यात हे झालं, हा नाटकातला एक विलक्षण क्षण आहे.

जॉर्जने खरंच आई-वडिलांना मारलं होतं का?

माहीत नाही, आणि माहीत पडू नये अशीच रचना आहे. जॉर्ज निकला शाळेतल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. त्याच्या हातून बंदूक चुकून उडाली आणि आई गेली, पुढे गाडी चालवताना साळिंदर चुकवताना वडील गेले. नंतर मार्था सांगते की ही जॉर्जच्या कादंबरीची गोष्ट आहे, आणि ती छापायची नाही असा पप्पांनी दम दिला तेव्हा जॉर्ज म्हणाला होता की हे खरंच घडलंय, माझ्याच बाबतीत. आणि तिसऱ्या अंकात काल्पनिक मुलगा नेमका तसाच, साळिंदर चुकवताना मरतो. आता लावा अर्थ.

तीन अंकांना वेगळी नावं आहेत का?

आहेत. ‘गंमत आणि खेळ’, ‘वालपुर्गिसनाख्ट’ म्हणजे जर्मन लोकसमजुतीतली चेटकिणींच्या मेळ्याची रात्र, आणि ‘भूत उतरवणं’.

जॉर्ज आणि मार्था ही वॉशिंग्टन दाम्पत्याची नावं. म्हणजे हे अमेरिकेवरचं नाटक?

नावं मुद्दाम ठेवली हे ऑल्बीने मान्य केलं होतं. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष आणि त्याची बायको यांना एकमेकांपासून मूल झालं नाही, हेही लक्षात घ्या. निक हे नाव सोव्हिएत नेता निकिता ख्रुश्चेव्हवरून, असंही त्याने सांगितलं होतं. शीतयुद्धाचा काळ, इतिहासाचा थकलेला प्राध्यापक आणि माणसाची जनुकं बदलायला निघालेला जीवशास्त्रज्ञ समोरासमोर, मार्था निकबरोबर आत असताना जॉर्ज पश्चिमेच्या पतनाबद्दलचा उतारा मोठ्याने वाचतो. सगळं जुळतं. पण प्रयोगात हा अर्थ अधोरेखित करायला गेलं की नाटकाचं भाषण होतं. एक दिवाणखाना आणि चार माणसं पुरेशी आहेत.

पुलित्झर का मिळालं नाही?

१३ ऑक्टोबर १९६२ ला न्यूयॉर्कच्या बिली रोझ थिएटरमध्ये नाटक उघडलं. अॅलन श्नायडरचं दिग्दर्शन, उटा हेगन मार्था, आर्थर हिल जॉर्ज, जॉर्ज ग्रिझर्ड निक, मेलिंडा डिलन हनी. ६६४ प्रयोग झाले. १९६३ मध्ये सर्वोत्कृष्ट नाटकासह हेगन, हिल आणि श्नायडर यांना टोनी, म्हणजे अमेरिकी रंगभूमीचे मानाचे पुरस्कार, मिळाले.

पुलित्झरच्या नाट्यपरीक्षकांनीही हेच नाटक सुचवलं होतं. पण अंतिम निर्णय ज्या मंडळाकडे होता त्याला यातली भाषा आणि लैंगिक मोकळेपणा रुचला नाही. शिफारस फेटाळली गेली आणि त्या वर्षी नाटकाचं पुलित्झर कुणालाच दिलं नाही. जॉन मेसन ब्राउन आणि जॉन गॅसनर या परीक्षकांनी राजीनामे दिले. ऑल्बीला पुढे तीनदा पुलित्झर मिळालं : १९६७, १९७५ आणि १९९४ मध्ये. यासाठी मात्र कधीच नाही.

ऑल्बीच्या घरातली गोष्ट आहे का ही?

थेट नाही. १९२८ मध्ये जन्मलेल्या ऑल्बीला काही आठवड्यांचा असतानाच श्रीमंत ऑल्बी कुटुंबाने दत्तक घेतलं. वॉडव्हिल, म्हणजे गाणी-नकला-कसरतींच्या खेळांच्या, थिएटरांच्या साखळीचं हे घराणं. दत्तक आईशी त्याचं कधी जमलं नाही. विशीच्या सुमारास तो घर सोडून ग्रिनिच व्हिलेजमध्ये राहायला गेला आणि पडेल ती कामं केली. त्यांतलं एक काम वेस्टर्न युनियनच्या तारा घरोघर पोचवण्याचं. जॉर्जच्या त्या तारेचा प्रसंग वाचताना हे आठवतंच.

पालकांना मूल कशासाठी हवं असतं, हा प्रश्न त्याच्या नाटकांत पुन्हा पुन्हा येतो. त्याला आत्मचरित्र म्हणायची गरज नाही. न्यूयॉर्कमधलं विलर्ड मास आणि मारी मेन्केन हे भांडकुदळ कलावंत जोडपं या दोघांमागे असल्याचं बोललं जातं.

चौघंही मुळात समलिंगी पुरुष आहेत, असं ऐकलं. खरं का?

ऑल्बी समलिंगी होता, म्हणून त्याला बायकांबद्दल लिहिताच येणार नाही, अशा तर्काने साठच्या दशकात काही समीक्षकांनी हा शोध लावला. ऑल्बीने तो आयुष्यभर झिडकारला आणि चारही भूमिका पुरुषांना देऊन प्रयोग करायलाही हरकत घेतली. नाटकात गर्भ, वांझपण, गर्भारपणाचा भास हे मध्यवर्ती असताना हा तर्क कसा टिकला, याचंच नवल.

सिनेमा पाहिला तर चालेल का?

चालेल, आणि पाहाच. १९६६ चा. माइक निकोल्सचा पहिला सिनेमा, एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन, सोबत जॉर्ज सीगल आणि सँडी डेनिस. चौघांनाही ऑस्कर नामांकन होतं. एकूण १३ नामांकनांपैकी पाच पुरस्कार मिळाले, त्यांत टेलर आणि डेनिस. टेलर तेव्हा तिशीतच होती. पन्नाशीची दिसण्यासाठी तिने वजन वाढवलं, केस पांढुरके केले. हॉलिवुडच्या जुन्या सेन्सॉर नियमावलीला ज्या सिनेमांनी धक्के दिले त्यांत हा एक. तरी पाहुण्यांसाठी दार उघडताना मार्था जी शिवी हासडते, ती पडद्यावर बदललेली आहे.

फरक एवढाच की सिनेमा मधेच घराबाहेर पडतो, अंगणात आणि एका रस्त्यावरच्या बारमध्ये जातो. रंगमंचावर त्या खोलीतून सुटका नसते. गुदमरणं हा अनुभवाचा भाग आहे.

मराठी नाटकवाल्याला यात ओळखीचं काय सापडेल?

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ ज्यांनी पाहिलंय त्यांना रचना लगेच ओळखू येईल. वेळ घालवायला मांडलेला खेळ, त्यात एका बाईचं खासगी दुखणं बाहेर ओढणं, आणि मधोमध एक मूल. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव होता असा माझा दावा नाही. फरकही मोठा आहे. बेणारेविरुद्ध सगळे एक होतात, तिला बरोबरीचा प्रतिस्पर्धी नाही. मार्थाला आहे.

वाचायला कुठली प्रत घ्यावी?

शक्यतो नवी. कॅथलीन टर्नर आणि बिल अर्विन यांच्या २००५ च्या पुनरुज्जीवनाच्या सुमारास ऑल्बीने संहितेत थोडी काटछाट केली. दुसऱ्या अंकाच्या अखेरीचा जॉर्ज-हनीचा संवाद त्यात बराच आखडला आहे. जुनी प्रत हाती आली तर तो भाग तिथे पूर्ण मिळेल. प्रयोग करणाऱ्यांनी दोन्ही समोर ठेवाव्यात, मात्र हक्कधारकांशी आधी बोलावं. ऑल्बी २०१६ मध्ये गेला, पण त्याच्या वारसा-संस्थेने पात्रनिवडीवरूनही परवानगी नाकारली आहे.